परक्या मुलखातील तक्रार कोणाची ऐकली जाते? कार्ताझपासून कराचीच्या तुरुंगापर्यंत

माहीम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे माहीम येते. हा धागा त्या माहीमविषयी नाही. पालघर स्थानकाच्या पश्चिमेला, केळव्याच्या शेजारी वसलेले जे जुने गाव जाणकार ‘केळवे-माहीम’ या जोडनावाने ओळखतात, त्याच्या किनाऱ्याविषयी तो आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये ‘माहीम’ हा तालुका होता. पुढे रेल्वेमार्गावरील पालघरने त्याचे महत्त्व घेतले आणि २०१४ मध्ये तर त्याच पालघरच्या नावाने जिल्हा झाला. (महिकावतीच्या बखरीतील राजधानी नेमकी कोणती, हे माहीम की ते, हा वाद इथे काढला तर धागा तिथेच संपेल. म्हणून तो बाजूला.)

विषय असा की, परक्या मुलखात गेलेल्या माणसाला तिथल्या शिपायाकडून, जकातदाराकडून, तुरुंगाधिकाऱ्याकडून जो जाच होतो, त्याची तक्रार हा इतिहासलेखनातला फार जुना आणि फार लोकप्रिय प्रकार आहे. प्रश्न एवढाच की त्या प्रकारात जागा कोणाला मिळते.

सुरतेपासून आरंभ करावा, कारण माहीमच्या उत्तरेला याच किनाऱ्यावर ते बंदर आहे. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स सुरतेस उतरला आणि तेव्हापासून मुकर्रबखानाच्या नावाने त्याने जो टाहो फोडला, तो आजही छापील पानांत वाचता येतो. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून टॉमस रो आला. जकात चौकीवर आपल्या माणसांची झडती घेऊ देणार नाही, या एका मुद्द्यावर त्याने किनाऱ्यावरच हट्ट धरला. मोगल अंमलदारांच्या दृष्टीने बंदरात उतरणाऱ्याची झडती हा रोजचा शिरस्ता होता. रोच्या दृष्टीने तो त्याच्या राजाचा अपमान होता. त्याची रोजनिशी विल्यम फॉस्टर यांनी संपादित केली आणि हॅक्ल्यूट सोसायटीने १८९९ मध्ये ती दोन खंडांत छापली. एका वकिलाचा जकात चौकीवरचा संताप पावणेतीनशे वर्षांनी दोन खंडांचा मानकरी ठरला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता त्याच समुद्राकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांशी तह करून वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख दिला. त्या तहात एक कलम होते: तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईस येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा आणि परतताना तिथेच येऊन जकात भरावी. हा परवाना म्हणजे ‘कार्ताझ’. जहाज कोणाचे, नाखवा कोण, शस्त्रे किती, माल कोणता, जायचे कुठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. कागद नसला किंवा कागदात लिहिलेल्या मार्गापेक्षा जहाज दुसरीकडे सापडले, की ते जप्त. ज्या समुद्रात बापजाद्यांनी कोणाला न विचारता शिडे उभारली, तिथे लिस्बनहून आलेल्या सत्तेचा कागद नसणे हा एकाएकी गुन्हा झाला. पुढे माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही सारी पट्टी पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’त होती. केळव्याचा पाणकोट भरतीच्या वेळी आजही त्या दिवसांची साक्ष देत पाण्यात उभा असतो. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हे कोट मराठ्यांकडे आले.

मराठ्यांनीही समुद्रावर कागदच चालवला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कान्होजी आंग्र्यांची ‘दस्तके’ ही त्याच जातीची वस्तू. दस्तक घ्या, पैसे भरा, नाहीतर जहाज पकडले जाईल. मुंबईच्या इंग्रजांना हे सहन झाले नाही. स्थानिक सत्तेचा परवाना आपण का घ्यावा, ही त्यांची तक्रार रोच्याच घराण्यातली. फरक एवढाच की आता त्या तक्रारीमागे तोफा होत्या. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली आणि ती फसली. लढाईत हरलेल्यांनी शब्दांत मात्र बाजी मारली. क्लेमंट डाउनिंगने १७३७ मध्ये लंडनला जे पुस्तक छापले, त्याच्या नावातच आंग्रे ‘चाचे’ ठरले. जकात मागणारा अधिकारी आणि लुटारू यांतली रेघ कोणी ओढायची, हे ज्याच्याकडे छापखाना होता त्याने ठरवले. शाळेच्या पुस्तकात आपण या शब्दाचा निषेध करतो आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे नजरेआड होते ती गोष्ट अशी की कार्ताझ, दस्तक आणि मुंबईकरांचा पास या तिन्ही कागदांच्या मधल्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या कोळ्याला, मांगेल्याला, वैतीला रोजनिशी लिहिण्याची सोय नव्हती. त्याचा संताप कोणत्याही सोसायटीने दोन खंडांत छापलेला नाही.

इथवरचा इतिहास जुना वाटत असेल तर त्याचा पुढचा अध्याय अजून चालू आहे.

पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी, विशेषतः डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे आदिवासी तरुण, हंगामात पोरबंदर, वेरावळ, ओखा इथल्या बोटींवर कामाला जातात. बोट गुजरातच्या मालकाची, तांडेल बहुधा त्याच्या विश्वासातला, आणि जाळे ओढणारे हात पालघरचे. मासळी जिथे असते तिथे बोट जाते. आणि मग एखाद्या पहाटे पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची नौका आडवी येते, बोट जप्त होते, माणसे कराचीला नेली जातात. आरोप: सागरी सीमेचे उल्लंघन.

ही सीमा कोणती, हा प्रश्न विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर मुंबईच्याच दप्तरात दडलेले आहे. कच्छ आणि सिंध यांच्यामधील सर क्रीक नावाच्या सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या खाडीवरून कच्छचे संस्थान आणि सिंधचे प्रशासन यांच्यात वाद झाला. १९१४ मध्ये मुंबई सरकारने एक ठराव करून तो मिटवला, म्हणजे मिटला असे त्या वेळी वाटले. पाकिस्तान त्या ठरावाच्या नकाशातील हिरव्या रेषेवर बोट ठेवून सारी खाडी आपली म्हणतो. भारत १९२५ च्या नकाशाचा आणि खाडीत उभारलेल्या खांबांचा दाखला देऊन मध्यप्रवाहाची रेषा धरतो. १९६८ मध्ये कच्छच्या रणाचा निवाडा झाला, त्यात ही खाडी वगळली गेली. खाडीच्या मुखाशी सीमा कुठे संपते हे ठरत नाही, तोवर तिथून समुद्रात जाणारी रेषाही दोघांना मान्य होईल अशी आखता येत नाही. जी रेषा दोन सरकारांना एकमताने काढता आलेली नाही, ती ओलांडल्याबद्दल डहाणूचा एक खलाशी तुरुंगात बसतो. रात्रीच्या अंधारात, प्रवाहाने ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या मागे असताना, ती रेषा त्याने ओळखावी अशी अपेक्षा आहे.

यातली ऐतिहासिक गंमत कडवट आहे. सिंध १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत त्यातच होता. म्हणजे नव्वद वर्षांच्या आसपास माहीम आणि कराची एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली होती. मराठी माणूस कराचीत अधिकारी म्हणून जात होता. १८५५ मध्ये तिथे सुरू झालेल्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. ज्या शहरात मराठी माणूस एके काळी शाळा उघडायला गेला, त्याच शहराच्या मलीर तुरुंगात आज त्याच इलाख्यातला मराठी माणूस आपली ओळख पटण्याची वाट पाहत बसतो.

‘ओळख पटणे’ हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि इथेच परदेशी अधिकारशाही व आपली अधिकारशाही यांची गाठ पडते. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी कैद्यांना वकिलातीशी संपर्क मिळावा यासाठी करार केला. अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळावी. शिक्षा पूर्ण झाली आणि राष्ट्रीयत्व निश्चित झाले की एका महिन्याच्या आत त्याला परत पाठवावे. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्याव्यात. कागद म्हणून हा करार उत्तम आहे. याद्याही नियमाने दिल्या जातात, संबंध कितीही बिघडलेले असोत.

मग अडते कुठे? राष्ट्रीयत्व निश्चित करण्याचा कागद इस्लामाबादहून दिल्लीला, दिल्लीहून राज्याकडे, तिथून जिल्ह्याला आणि अखेरीस एखाद्या पोलीस ठाण्याच्या शिपायाकडे उतरतो. तो पाड्यावर जाऊन विचारतो की हा इसम इथला का. उत्तर मग तीच शिडी चढत परत जाते. वाटेत खलाशाचे नाव उर्दू, इंग्रजी, मराठी, आणि बोट गुजरातची म्हणून गुजराती, अशा चार लिप्यांतून फिरते. एखादी मात्रा इकडची तिकडे झाली की माणूस दुसराच होतो. रोने सुरतेला ज्या जकातदाराशी भांडण केले तो निदान त्याच्यासमोर उभा होता. इथे ज्याच्याशी भांडायचे तो अधिकारी एका देशात नाही, एका भाषेत नाही आणि एका टेबलावरही नाही.

१ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने २१७ मच्छीमार भारतीय असल्याचे, किंवा भारतीय समजले जात असल्याचे, कळवले. शिक्षा पूर्ण झालेल्या १८३ भारतीय मच्छीमारांना व अन्य कैद्यांना लवकर सोडावे, असे भारताने त्या दिवशी पुन्हा सांगितले. शिक्षा संपल्यानंतरचा तुरुंगवास कोणत्या कलमाखाली येतो, याचे उत्तर कोणत्याही करारात नाही. भारताच्या यादीतही त्या दिवशी ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते, आणि त्यांच्या घरची माणसे कराचीच्या इब्राहिम हैदरीत किंवा सिंधच्या किनाऱ्यावर अशीच वाट पाहत असणार. हा हिशेब एकतर्फी मांडणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही.

सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असेही नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर आलेल्या हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौकाच पळवली होती आणि तिच्यावरच्या माणसांना ठार केले होते. तेव्हापासून मासेमारी बोटीकडे संशयाने पाहणे कोणत्याही तटरक्षकाला साहजिक वाटते. पण संशय फिटायला किती दिवस लागावेत? जाळी, बर्फ आणि मासळी यांखेरीज बोटीत काही नाही, हे एका दिवसात कळते. त्यानंतरचे महिने आणि वर्षे सुरक्षेच्या खात्यात टाकणे ही निव्वळ सोय आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचे ७३ वे कलम म्हणते की अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या नियमभंगासाठी, संबंधित देशांत वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. भारताने हा करार १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्य केला. किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांच्या आतील पाण्याला हे कलम लागू नाही, ही पळवाट खरी. म्हणूनच बोट नेमकी कुठे पकडली, ही नोंद निर्णायक ठरते, आणि ती नोंद पकडणाराच लिहितो.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याहून निघालेल्या ‘जलपरी’ या बोटीवर गोळीबार झाला आणि माहीमजवळच्या वडराई गावचा एक तरुण त्यात ठार झाला. पोरबंदरजवळच्या नवी बंदर पोलीस ठाण्यात पाकिस्तानी सागरी दलाच्या दहा जणांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. नावे अज्ञात, आरोपी दुसऱ्या देशात, घटनास्थळ पाण्यावर. २०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातील एक मच्छीमार कराचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याचा देह गावी पोहोचेपर्यंत मे महिना उजाडला. जिवंत माणसाची ओळख पटायला लागणारा वेळ मेलेल्या माणसालाही सुटला नाही.

दोन्ही देशांतील निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती याच कामासाठी होती. तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटणे, शिफारशी करणे हे तिचे काम. २०१३ नंतर तिच्या भेटी थांबल्या. सर क्रीकचा वाद सुटेपर्यंत थांबण्याची गरज या समितीला कधीच नव्हती, आजही नाही. तिला पुन्हा कामाला लावणे आणि राष्ट्रीयत्वाच्या तपासणीला जिल्हा पातळीवर दिवसांची मुदत घालणे, या दोन गोष्टी तरी दिल्ली, मुंबई आणि पालघर येथून मागता येतात. मागणारा मात्र टॉमस रो नाही, त्याच्यामागे राजा नाही. ही मागणी मच्छीमार संघटना आणि दोन्हीकडचे काही शांततावादी कार्यकर्ते वर्षानुवर्षे करत आले आहेत.

आणि इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी एक काम उरते. कराचीहून सुटून आलेली माणसे डहाणूच्या, तलासरीच्या पाड्यांवर आज हयात आहेत. पकडल्यावर पहिला प्रश्न कोणत्या भाषेत विचारला गेला, नाव कोणी आणि कसे लिहून घेतले, वकिलातीचा माणूस किती दिवसांनी भेटला, घरी पहिले पत्र कधी पोहोचले, हे त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. रोच्या रोजनिशीला दोन खंडांचे संपादित रूप मिळायला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लागली. इथे सांगणारे अजून बोलू शकतात.