घोडा पाहायला की अश्वखरेदीच्या दृष्टीने?

सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेल्या शेतकऱ्याला विचारावे, ‘कुठे निघालात, दादा?’ तो म्हणतो, ‘घोडा पाहायला.’ दोन शब्दांत हेतू सांगून मोकळा! तेच वाक्य कचेरीत शिरले की ‘अश्वखरेदी करण्याच्या दृष्टीने प्रस्थान’ होऊन बाहेर पडते. ही ‘दृष्टी’ साहेबाच्या ‘विथ अ व्ह्यू टु’मधली असावी, असा माझा जुना संशय आहे. ‘इन ऑर्डर टु’चे ‘उद्देशाने’ झाले आणि ‘फॉर द पर्पज ऑफ’चे ‘प्रयोजनार्थ’.

गंमत अशी, की खुद्द इंग्रजच या लांबणीला कंटाळले होते. अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ साली ‘प्लेन वर्ड्स’ लिहिले, ते सरकारी लेखणी साधी व्हावी म्हणून. आपण मात्र त्यांनी टाकायला काढलेले जोडे पायांत घालून मिरवतो!

वास्तविक मराठीची या बाबतीतली श्रीमंती पाहावी. माणूस पोटासाठी राबतो, हौसेखातर पेटी शिकतो, वडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई घालतो आणि लेकीच्या लग्नापायी कर्जात बुडतो. त्या ‘पायी’मध्ये हेतू आहे आणि हेतूची किंमतही आहे, ‘लग्नाच्या दृष्टीने’ कुणी बुडत नाही. घरात तर अव्ययही लागत नाही. ‘छत्री असू द्या हो, आभाळ आलंय!’ एवढ्यात सगळे येते. आता चिरंजीव ‘फॉर सेफ्टी’ छत्री नेतात आणि आपण सारे ‘फॉर अ चेंज’ बाहेर जेवतो. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. जेवण चांगले असले म्हणजे झाले.

पण हा शब्द जमिनीच्या कागदावर आला की हसू मावळते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ‘पब्लिक पर्पज’ होता; त्याचे मराठीत ‘सार्वजनिक प्रयोजन’ झाले. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहेतीस गावे बुडिताखाली आली. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबारचे झाले. तिथल्या घरांत भिली, पावरी बोलतात. मराठी ही शाळेत आणि कचेरीत भेटणारी भाषा. ‘साठी’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कुणासाठी?’ ‘प्रयोजनार्थ’ला तसे विचारताच येत नाही. शब्दच दार लावून बसतो.

आणि उत्तर तर तयार होते! नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात या धरणाच्या विजेची वाटणी आहे: मध्य प्रदेशाला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. कालव्याचे पाणी मुख्यतः गुजरातचे. ‘गुजरातच्या पाण्यासाठी आणि तीन राज्यांच्या विजेसाठी तुमचे घर आणि शेत जाणार,’ हे वाक्य कडू आहे, पण पावरीतही सांगता येते आणि त्यावर भांडताही येते.

१ जानेवारी २०१४ पासून जुन्या कायद्याच्या जागी नवा आला. त्यात अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेची संमती लागते, आणि अक्राणी, अक्कलकुवा त्याच क्षेत्रात येतात. तेव्हा साहेबांनी सभेपुढे कागद वाचताना ‘प्रयोजनार्थ’ आले की थांबावे, आणि कशासाठी, कुणासाठी ते नाव घेऊन सांगावे. हात त्यानंतर वर करायला सांगावेत.