पंधरा तास? कुणाचे?

परवा मामेभावाला बे एरियातली ऑफर आली. पार्टी-बिर्टी झाली, आणि मामीचे डोळे भरून आले तसा हा पठ्ठ्या म्हणतो, "अगं, पंधरा तासांत येतो की! जग किती जवळ आलंय." वर मोबाईलवर आकडाही दाखवला. मी तिथे गप्प बसलो, म्हणून आता इथे.

हा आकडा येतो कुठून? मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण १३,५०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार केला, झालं. पाचवीतलं गणित! पण 'सरळ' म्हणजे पृथ्वीच्या गोलावर ताणून धरलेला दोरा, आणि तो जातो पार उत्तर ध्रुवाच्या जवळून. त्या दोऱ्यावरून विमान जात नाही हो. खाली देश असतात, त्यांची भांडणं असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेला निघालेली काही विमानं इंधनासाठी चक्क व्हिएन्नाला उतरायला लागली.

शिवाय वारा. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला, १५,३०० झाला, आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास लवकर! का, तर पश्चिमेकडून येणारा वारा पाठीशी. मग नुसते किलोमीटर सांगून तू नक्की काय सांगितलंस, राजा?

बरं, हे सगळं विमानात बसल्यानंतरचं. ऑगस्ट २०२५ मध्ये बाबांना पुण्यात रात्री हॉस्पिटलात हलवलं तेव्हा मी सॅन होजेला होतो. माझा मॅनेजरही हेच म्हणाला होता, पंधरा-सोळा तासांचा तर प्रश्न आहे. माझा हिशोब ऐका. घर ते एअरपोर्ट एक तास, चेक-इन आणि सिक्युरिटीत तीन, दुबईपर्यंत सोळा, तिथे चार तास बाकड्यावर, मुंबईपर्यंत तीन, इमिग्रेशन आणि बॅगेत दीड, मग पावसात एक्स्प्रेसवेने पुणे चार. साडेबत्तीस. तिकीट शोधण्यात गेलेली रात्र वेगळीच. मी पोचलो तेव्हा अँजिओप्लास्टी होऊन बाबा चहा मागत होते. सही कुणी केली? शेजारच्या काकांनी.

"पूर्वी लोक बोटीने जायचे" असं कुणीतरी म्हणेलच. जायचे ना, पण पंधरा तासांत येतो असं सांगून नाही जायचे!

ऑफर घेऊ नको असं माझं म्हणणं नाही. मीही घेतली होती, पैसेही बरे मिळाले. फक्त मामीला खरा आकडा सांग, आणि त्या शेजारच्या काकांचा नंबर आधी सेव्ह कर.

असो. पुढच्या शनिवारी जरा हलकंफुलकं लिहीन म्हणतो.