हिरवळीचे खत आणि तळ्याचे पाणी

अमेरिकेत घरापुढील हिरवळ गर्द राखणे हे गृहस्थाच्या प्रतिष्ठेचे लक्षण समजतात. शेजाऱ्याने खत टाकले की आपणही टाकावयाचे. मातीस त्याची गरज आहे काय, हे पाहणारे थोडेच. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच!

मिनेसोटा हे हजारो तळ्यांचे राज्य. तेथील पुष्कळ जमिनीत स्फुरद मुळातच पुरेसे असते. वरून टाकलेल्या खताचे दाणे फरसबंद वाटेवर सांडतात व पावसाबरोबर गटारांतून, शुद्ध न होता, थेट तळ्यात जातात. मग ते स्फुरद गवताऐवजी शेवाळ पोसते. शेवाळ मरून कुजते, पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे गुदमरतात. अखेर २००५ पासून राज्यभर हिरवळीवर स्फुरदयुक्त खत घालण्यास बंदी झाली. नवी हिरवळ लावताना, किंवा मातीच्या तपासणीत उणीव आढळल्यास, मोकळीक आहे. एरवी पिशवीवरील तीन आकड्यांपैकी मधला शून्य असावा, एवढेच गृहस्थाने पाहावयाचे.

वाचकहो, कापलेले गवत गोळा करून टाकून द्यावयाचे आणि मागाहून खत विकत आणावयाचे, ही रीत तर अधिकच नवलाची. ते गवत तेथेच पसरू दिले, तर त्यातील नत्र पुन्हा मुळांस मिळते.