रक्त पिणारं काहीतरी

2025 च्या दिवाळीत 'थामा' हा हिंदी चित्रपट आला, रक्त पिणाऱ्या वेताळांचा. दिग्दर्शक आपले मराठी, 'मुंज्या'वाले आदित्य सरपोतदार. शाळा उघडल्यावर वर्गात दुसरा विषयच नव्हता. गंमत म्हणजे सिंधुदुर्गातल्या आरवलीत हाच वेताळ गावाचा राखणदार मानला जातो. तिथे लोक त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात.

जाहिलियतच्या काळात अरबांकडेही असलं होतंच. खून झालेल्याच्या डोक्यातून 'हामा' नावाचा पक्षी निघतो आणि बदला घेईपर्यंत 'मला पाजा' म्हणून ओरडतो, असं मानत. वाटसरूंना चकवणारा 'गूल' वेगळाच. प्यारे नबी (स.) यांनी दोन्ही समजुतींना थारा दिला नाही, हदीसमध्ये दोन्हींचं नाव आहे.

हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला. सातवीतली एक मुलगी तेवढी हसली नाही. आईबाप ऊसतोडीला, ही दादीजवळ. पोर फिकट पडलेली, चार पायऱ्या चढली की दम लागायचा. दादीचं म्हणणं, रात्री काहीतरी हिचं रक्त पितंय. गळ्यात तीन तावीज.

"खाला, तावीज राहू द्या, पण उद्या सरकारी दवाखान्यात चला," आम्ही म्हणालो.

हिमोग्लोबिन निघालं 8.2. पोटात अंकुशकृमी. म्हणजे दादी अगदीच चुकली नव्हती! हे जंत आतड्याला चिकटून खरंच रक्त पितात, आणि शिरतात अनवाणी पायाच्या कातडीतून. जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

पोरीला चपला घेतल्यात. गळ्यात तावीज अजून आहे, एकच.