बुद्धिमत्तेचे शंभर गुण

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात, गुण १००. गटात न बसणारा शब्द, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, घड्याळ, दिनदर्शिका. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवतो आहे, आणि ते शिकवता येतं हाच माझा मुख्य आक्षेप आहे. जादा तास आणि सराव संच मिळाले की मुलाचे गुण भराभर वाढतात. तेवढ्यात त्याची बुद्धी वाढते का? त्याला प्रश्नांची सवय होते, एवढंच. ज्याला सराव संच मिळत नाही तो मात्र बुद्धीने कमी ठरतो, आणि त्याचे आईवडीलही ते खरं मानतात.

कोयता, कांदा, खुरपं, ऊस यांचे दोन गट करा, असं मी वर्गात सांगितलं. अवजारं एकीकडे, पिकं दुसरीकडे, हे पुस्तकी उत्तर. ऊसतोड कामगाराच्या मुलीने कोयत्याशी ऊस लावला आणि खुरप्याशी कांदा. ‘ज्याचं काम ज्याच्याशी,’ म्हणाली. तिला शून्य कशाबद्दल द्यायचं?

लायबेरियातल्या क्पेल्ले जमातीच्या शेतकऱ्यांनी मायकेल कोल, जोसेफ ग्लिक या संशोधकांपुढे वस्तू अशाच लावल्या होत्या. शहाणा माणूस असंच लावतो, असं त्यांचं म्हणणं. मग मूर्ख कसं लावेल, असं विचारल्यावर त्यांनी संशोधकांना हवे होते तेच गट बिनचूक करून दाखवले.

आमच्याकडची अडचण याहून साधी आहे. परीक्षा बहुधा फेब्रुवारीत येते, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असतो आणि कितीतरी मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडावर असतात. तिथे दहा वर्षांची पोर स्वयंपाक करते, धाकट्याला सांभाळते, मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली हेही तिला ठाऊक असतं. गावात लागणाऱ्या अभिनंदनाच्या फलकावर तिचा फोटो कधी येत नाही. आल्फ्रेद बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसला पहिली बुद्धिमत्ता चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत देता यावी म्हणून. आपण तसल्याच चाचणीवरून बक्षिसं वाटतो.

या प्रश्नांना ‘आकृती व तर्क’ म्हणा, बुद्धिमत्ता म्हणू नका. आणि फडावरून परतणाऱ्या मुलांसाठी हंगाम संपल्यावर परीक्षेची दुसरी तारीख ठेवा.