एकशे वीस तास आणि आपला उंबरठा

फाल्गुन सरता सरता वसमतच्या मोंढ्यात पाऊल टाकावे, तर हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या आणि हवेत तरंगणारी पिवळी धूळ आपले स्वागत करते. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाड्याने अभिमानाने मिरवावी अशीच ही घटना आहे. परंतु जमिनीतून कंद वेचणारे, माती झाडून, मुळ्या तोडून हळकुंडे वेगळी करणारे हात प्रामुख्याने स्त्रियांचे आहेत, याची नोंद कुठल्याही मानांकनात होत नसते. ती नोंद करायची कोणी? हा प्रश्न मला मोंढ्यात नव्हे, तर वसमतमधील एका परिचित घरी पडला.

गृहस्थ जुने स्वयंसेवक. मुलगी समाजशास्त्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार राज्याने २०२३ पासून जी नवी रचना आणली, तीत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणासाठी ४ श्रेयांक ठेवलेले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. मुलीची इच्छा ही आंतरवासिता एखाद्या विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात करावी अशी होती. वडिलांचा नकार स्पष्ट होता. "तिथं घर जोडायला नाही, घर तोडायला शिकवतात." पर्यायही त्यांनी शोधून ठेवला होता. ओळखीच्या एका कार्यालयातून प्रमाणपत्र मिळणार होते. रोज जाण्याचीही गरज नव्हती. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, सही मिळेल हो. पण त्या १२० तासांत मी शिकायचं काय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. नंतर विचार करताना जाणवले की, हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. तो आपल्या संपूर्ण विचारपरिवाराला विचारलेला आहे.

प्रथम वडिलांच्या शंकेचा विचार करू, कारण ती सर्वस्वी निराधार नाही. देशातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९७१ साली केंद्र सरकारने समिती नेमली. तिच्या १९७४ च्या अहवालाने देशाला खडबडून जागे केले. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या दशकानुदशके घटत असल्याचे कटू सत्य त्याने पुढे आणले. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात डॉ. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने देशातील पहिले स्त्री अभ्यास केंद्र उभे राहिले. स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही १९८१ साली तेथेच भरली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने या केंद्रांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७ चे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील केंद्राला ताराबाई शिंदे यांचे नाव आहे.

येथपर्यंतचा इतिहास कोणाही भारतीयाला आपला वाटावा असाच आहे. पुढे मात्र यातील अनेक ठिकाणी पाश्चात्त्य चौकटींचा पगडा बसला. कुटुंब म्हणजे केवळ सत्तेचे आणि शोषणाचे केंद्र, विवाह म्हणजे बंधन, व्रतवैकल्ये म्हणजे गुलामीच्या खुणा, अशी सरधोपट मांडणी रूढ झाली. वर्गसंघर्षाच्या जागी स्त्री-पुरुष संघर्ष बसवला की शास्त्र सिद्ध झाले, असा समज पसरला. त्यावरचा आपला आक्षेप रास्त आहे आणि तो राहिलाच पाहिजे.

पण आक्षेप घेतल्याने कर्तव्य संपते काय? एखाद्या व्यासपीठावर अन्य विचारांचे लोक बसले म्हणून आपण तिकडे पाठ फिरवायची आणि पुढे तीस वर्षे तेथे आपला एकही माणूस नाही म्हणून हळहळायचे, हा कोणता न्याय? स्त्रीप्रश्नाचा अभ्यास ही कोणा एका विचारसरणीची मिरास नव्हे. ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, ती १८८२ साली. तेव्हा कोणत्या परदेशी विद्यापीठाने त्यांना शिकवले होते? धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि त्याच कार्यातून १९१६ साली महिला विद्यापीठ जन्माला आले. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारले. तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात जाऊन परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या रुग्णाची सेवा आपल्या लेकी-सुनांनी करावी, हे तेव्हाच्या पांढरपेशा घरांना रुचणारे नव्हते. तरीही काही उंबरठे ओलांडले गेले. आज ज्याला आपण इंटर्नशिप म्हणतो, तिचा वस्तुपाठ शंभर वर्षांपूर्वीच आपल्या अंगणात दिला गेला आहे. १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तीही घर सांभाळून आणि घराबाहेर पडून.

अलीकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. पुण्याच्या दृष्टी स्त्री अध्ययन प्रबोधन केंद्राने देशभरातील स्त्रियांच्या स्थितीचे व्यापक सर्वेक्षण केले आणि २०१९ साली सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांच्या हस्ते त्याचा अहवाल प्रकाशित झाला. त्यासाठी कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, प्रश्न विचारले, उत्तरे टिपली. म्हणजेच अभ्यास हे आपल्याला परके क्षेत्र नाही. मग आपलीच मुलगी विद्यापीठाच्या केंद्रात शिकायला निघाली, तर आपण दार का अडवावे?

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. १२० तासांत शिकायचे काय?

प्रामाणिकपणे पाहिले तर अनेक ठिकाणी या तासांची माती होते. आठ मार्चच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायच्या, फलक रंगवायचे, कोणाच्या तरी प्रकल्पाच्या प्रश्नावल्या संगणकात भरायच्या आणि शेवटी मागील वर्षीच्या अहवालात नावे बदलून प्रत सादर करायची. केंद्राची विचारसरणी डावी असो वा उजवी, अशी आंतरवासिता निष्फळच. त्यातून ना अभ्यासक घडतो, ना कार्यकर्ता.

खरे शिक्षण वसमतसारख्या तालुक्यात आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. हिंगोली जिल्ह्याचे प्रमाण या सरासरीच्या बरेच वर आहे आणि शेजारच्या परभणीत तर ते निम्म्याच्या जवळ पोहोचते. ज्या मातीतील हळद गावोगावच्या मंगलकार्यांत पोहोचते, त्याच मातीत ती कोवळ्या अंगालाही लागते. संतश्रेष्ठ नामदेवांचे नरसी ज्या जिल्ह्यात आहे आणि जनाबाईंचे गंगाखेड ज्याच्या शेजारी आहे, तेथे ही स्थिती असावी, याची खंत आपल्याला वाटायला नको काय?

याची कारणे नगरातील ग्रंथालयात बसून कळत नाहीत. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या आईबापांना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, हे कळत नाही. दहावीनंतरचे महाविद्यालय दूर, एसटी वेळेवर नाही, वाटेत छेडछाडीचे भय. बाप क्रूर असतोच असे नाही; पुष्कळदा तो भ्यालेला असतो. केवळ 'पितृसत्ता' हा शब्द उच्चारल्याने त्याचे भय जात नाही. आणि 'आपली कुटुंबव्यवस्था महान' असे व्याख्यानात सांगितल्याने त्या मुलीची शाळाही सुटायची थांबत नाही. ही दुसरी गोष्ट आपण स्वतःला अधिक कठोरपणे सांगितली पाहिजे.

म्हणून आंतरवासितेतील विद्यार्थिनीला तिच्याच तालुक्यात पाठवावे. सातवी ते दहावीच्या हजेरीपटातून दिवाळीनंतर कोणत्या मुलींची नावे गळली, ते तिने शाळेत बसून पाहावे. अंगणवाडी सेविकेसोबत काही दिवस गावात फिरावे. गावपातळीवर बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, हे किती पालकांना ठाऊक आहे ते विचारावे. हळदीच्या हंगामात बाईची आणि गड्याची मजुरी किती, याची नोंद करावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याचे काम जवळून पाहावे.

त्याआधी केंद्राने तिला काही गोष्टी काटेकोरपणे शिकवाव्यात. ऐकलेले दुःख गावात बोलायचे नसते. आपण समुपदेशक नाही, हे विसरायचे नसते. संकटातील मुलीसाठी १०९८ आणि स्त्रीसाठी १८१ या क्रमांकांवर कळवायचे असते. जिल्ह्याच्या सखी केंद्रापर्यंत तिला पोहोचवायचे असते. असे १२० तास ज्या मुलीने मन लावून घालवले, ती घर तोडणारी होणार नाही. घर कोठे तडकते, हे मात्र तिला निश्चित कळेल.

वडिलांच्या शंकेतील एक भाग मात्र केंद्रांनी गंभीरपणे घ्यावा. मुलीच्या राहण्याची, प्रवासाची, सुरक्षिततेची हमी काय? २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे काय, हे पालकाने विचारणे हा त्याचा अधिकार आहे. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ साली संपल्यानंतर या केंद्रांच्या अनुदानाबाबत अनिश्चितता निर्माण झाली. ज्या केंद्रांचेच बस्तान डळमळीत, ती विद्यार्थिनींची व्यवस्था काय ठेवणार? शासनाने शिक्षण धोरणात आंतरवासिता सक्तीची करायची आणि ती देणाऱ्या केंद्रांना वाऱ्यावर सोडायचे, हे सुसंगत नाही.

आणि आपण? वसमतहून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तासाभराच्या अंतरावर. परभणी, हिंगोली, लातूर, नांदेड या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली. या प्रत्येक तालुक्यात आपले कार्यकर्ते, समितीच्या सेविका, शिक्षक, वकील, डॉक्टर आहेत. बाहेरगावच्या दोन-तीन विद्यार्थिनींची सोय दर तालुक्यातील एखाद्या घराने केली, एखाद्या वकिलाने त्यांना कायदा समजावला, तर विद्यापीठाला नकार देण्याचे कारण उरणार नाही. केंद्रातील प्राध्यापकांशी मतभेद होतील, व्हावेत. तालुक्यातून आणलेली खरी माहिती समोर ठेवून केलेला मतभेद हा घरात बसून केलेल्या निषेधापेक्षा शतपटीने परिणामकारक असतो. आणि मुलांनीही हे १२० तास घ्यावेत. स्त्रीप्रश्न ही फक्त मुलींनी शिकायची गोष्ट आहे, असे मानणे हाच त्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे.

निघताना मी त्या गृहस्थांना एवढेच म्हटले, "मुलीवर केलेले संस्कार १२० तासांत पुसले जातील, अशी भीती तुम्हाला वाटते काय?" ते काही बोलले नाहीत. मुलीची आई मात्र दारापर्यंत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं. हिनं ते लिहून काढलं तर मला आवडेल."

कुटुंबावर श्रद्धा असणाऱ्यांनी ही माउली काय म्हणते ते आधी ऐकावे. प्रमाणपत्रावरची सही कोठेही मिळेल. ते १२० तास सार्थकी लावायचे, तर आधी आपल्या घराचे दार उघडावे लागेल.