रनिंग किती, ते आधी सांगा

22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्या दसऱ्या-दिवाळीला शोरूमबाहेर गाड्या लावायला जागा उरली नाही. ती गर्दी ओसरली, पण एक प्रश्न अजून कुणी ना कुणी विचारतंच: पेट्रोल घेऊ, डिझेल, की सीएनजी? हल्ली त्यात ‘की सरळ इलेक्ट्रिकच?’ अशी भर पडली आहे. मी उलट विचारतो, तुमचं रनिंग किती? समोरचा जरा अडखळतो. मग म्हणतो, “तसं फार नाही हो. आठवड्यातून दोनदा ऑफिस, रविवारी कुठेतरी, आणि गणपती-दिवाळीला गाव.” म्हणजे महिन्याला सहाशे किलोमीटर. एवढं बोलून तो चौकशी करतो ती मात्र दोन हजार किलोमीटरवाल्याला लागणाऱ्या गाडीची.

डिझेल स्वस्त पडतं, ही समजूत एका विशिष्ट काळातली आहे. जून 2010 मध्ये सरकारने पेट्रोलचे दर मोकळे केले, पण डिझेलचे ऑक्टोबर 2014 पर्यंत बांधून ठेवले. मधल्या काळात दोन्हींत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक फरक पडला होता. तेव्हा डिझेल गाडी घेणारा शहाणाच होता. पुढे एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 निकष आले, डिझेल इंजिन महाग झालं आणि मारुतीने तर डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. आता लिटरमागचा फरक उरलाय तेरा-चौदा रुपयांचा. समजूत मात्र 2012 सालातच राहिली.

त्यात आपला आरटीओ. महाराष्ट्रात खासगी गाडीचा रस्ता कर एकरकमी, पहिल्याच दिवशी भरायचा. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, दहा ते वीस लाखांना 12. डिझेलला त्याच टप्प्यांत 13 आणि 14. दहा लाखांची रेघ ओलांडली की नवा दर वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या किमतीवर लागतो. आता एकच गाडी घ्या, पेट्रोलमध्ये साडेनऊ लाखांची आणि डिझेलमध्ये अकरा लाखांची. पेट्रोलचा कर 1,04,500. डिझेलचा 1,54,000. म्हणजे किमतीतले दीड लाख आणि करातले 49,500 मिळून तुम्ही दोन लाख रुपये आधीच मोजले. पंपावर अजून गेलाही नाहीत.

हे दोन लाख परत कधी येणार? पेट्रोल 104 रुपये आणि गावातल्या गर्दीत 14 चं ॲव्हरेज धरलं, तर किलोमीटरला साधारण 7 रुपये 40 पैसे पडतात. डिझेल 90 रुपये आणि ॲव्हरेज 18 धरलं, तर 5 रुपये. बचत 2 रुपये 40 पैशांची. दोन लाख फिटायला 80 हजार किलोमीटरहून अधिक गाडी पळवावी लागते. महिन्याला सहाशे चालवणाऱ्याला त्यासाठी अकरा वर्षं लागतील. दोन हजार चालवणाऱ्याचे साडेतीन वर्षांत वसूल होतात, आणि तो पुढे खरोखर फायद्यात राहतो. दर आठवड्याला घाट चढून जाणारा, सात माणसं नि सामान भरून विदर्भात निघणारा, त्याने खुशाल डिझेल घ्यावी. उलट नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते आणि ती साफ व्हायला अधूनमधून हायवेवरची लांब, वेगातली धाव लागते. शाळा, भाजी, बँक एवढ्यावरच चालवली तर जाळी तुंबते नि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याचं बिल पेट्रोलवाल्याला कधीच येत नाही.

सीएनजीचं गणित याच्या उलटं आणि गंमतीचं आहे. सात लाखांच्या पेट्रोल गाडीला कर 77,000. तीच कंपनी फिटेड सीएनजी 95 हजारांनी महाग, पण तिला दर 8 टक्के (जुलै 2025 पूर्वी तोही 7 होता), म्हणून कर 63,600. गाडी महाग, कर कमी! जादाचा बोजा 80 हजारांच्या घरात येतो. गॅस 90 रुपये किलो आणि किलोला 25 किलोमीटर धरले, तर छोट्या गाडीत किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात. 32-33 हजार किलोमीटरमध्ये हिशेब बरोबर. महिन्याला हजारावर रनिंग असेल तर मी डोळे मिटून सीएनजी सांगतो. मात्र डिकी बघून घ्या. सिलिंडरने ती गिळलेली असेल, तर लग्नाला निघताना बॅगा मांडीवर येतात. पंपावरची रांगही धरा, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्टही.

इलेक्ट्रिकला महाराष्ट्रात रस्ता कर माफ आहे. अटल सेतूवर ऑगस्ट 2025 पासून टोलही माफ. घरी चार्ज केली तर किलोमीटरचा खर्च दीड-दोन रुपयांच्या पुढे सहसा जात नाही. अडचण असते ती सोसायटीत. ज्याचं पार्किंग स्वतःच्या मीटरजवळ आहे तो सुखी. ज्याची वायर तिसऱ्या विंगमधून येणार आहे, त्याने आधी सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर करून घ्यावा आणि मग गाडी बुक करावी. रोज फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर भिस्त ठेवायची असेल, तर स्वस्ताईतला बराचसा भाग तिथेच जातो.

पेट्रोलवाल्यांचंही एक दुखणं आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं, जुन्या गाड्यांत जास्त. आपल्याकडच्या साखर कारखान्यांना त्याचे पैसे मिळतात, हे त्यातल्या त्यात समाधान. पण लिटरमागे भाव काही कमी झालेला नाही.

कर कमी असलेल्या राज्यातली पासिंग घेण्याची युक्ती सांगणारेही भेटतात. बारा महिन्यांहून अधिक गाडी इथे ठेवली की इथली नोंदणी आणि इथला कर आलाच. करानंतर विमा. त्यात थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो: हजारपर्यंत 2,094 रुपये, दीड हजारपर्यंत 3,416, त्यापुढे थेट 7,897.

आणि या सगळ्यांहून मोठा खर्च कुणी मोजतच नाही. चार वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत विम्याच्या कोष्टकात निम्मी धरतात. दहा लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत पाच लाख गेले, म्हणजे वर्षाला एक लाख. महिन्याला सहाशेच्या रनिंगला भागा: किलोमीटरला 14 रुपये. पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट! कमी चालवणाऱ्याचा पैसा इंधनात जातच नाही, तो गाडीच्या किमतीत जातो. अशा माणसाने इंधनावर वाद घालण्यापेक्षा दोन लाखांनी लहान गाडी घ्यावी. हातातली जुनी धड चालत असेल, तर आणखी तीन वर्षं तीच वापरावी.

तेव्हा शोरूमला जाण्याआधी जुनी सर्व्हिसिंगची बिलं काढा. प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर छापलेले असतात. दोन बिलांची वजाबाकी करा, महिन्यांनी भागा आणि तो आकडा कागदावर लिहून सेल्समनसमोर ठेवा. आकडा हजाराच्या आत असेल, तर तो डिझेलचं ब्रोशर पुढे करताच परत द्या.